मटानातला ‘न’

आमच्या सोसायटीत भावना दुखावल्या गेल्या आहेत. कोणाच्या, ते विचारू नका. मी विचारलं होतं. गुडघ्यांना न जुमानता जिने चढून-उतरून विचारलं. ते पुढे येईलच. आधी फळ्याचं सांगतो, कारण सगळा गुन्हा फळ्याचा आहे असं ठरलं आहे. आणि फळा माझा असल्यामुळे उरलेला माझा.

सोसायटीचं नाव ‘पाताळगंगा दर्शन’. इथून पाताळगंगेचं दर्शन होत नाही. ती पार तिकडे आपटा गावाच्या बाजूने वाहते. आमच्या गच्चीवर टाचा उंचावून उभं राहिलं तर समोरच्या ‘गिरिशिखर’ इमारतीची पाण्याची टाकी दिसते आणि तिथल्या लोकांना आमची. पनवेलात हल्ली जे दिसत नाही त्याचं नाव इमारतीला देतात. त्या न्यायाने आमच्या सोसायटीचं नाव ‘सहिष्णुता’ ठेवायलाही हरकत नव्हती.

मी निवृत्त मास्तर. संध्याकाळी इमारतीतली मुलं माझ्याकडे येतात आणि मी त्यांना जमेल ते शिकवतो. “शाळेने तुम्हाला सोडलं, तुम्ही शाळेला कधी सोडणार?” असं माझी बायको सुमती विचारते. या मुलांत मनस्वी होती. बुधाजी घरतांची नात, तिसरीतली. ही इमारत ज्या जमिनीवर उभी आहे ती बुधाजींची भातशेती. आता जिथे गाड्या लावतात तिथे त्यांचं खळं होतं. जमीन दिली, बदल्यात फ्लॅट मिळाले, आणि आपल्याच खळ्यावर गाडी वाकडी लावल्याबद्दल बुधाजींना सोसायटीकडून नोटीस मिळाली.

तर मनस्वी. शाळेत बाईंनी विचारलं, “डबा आणलास का?” ती म्हणाली, “हाय.” पुढच्या बाकावरच्या कोणीतरी हात हलवून म्हटलं, “बाय!” वर्ग हसला. तेवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण मुलांना एक विनोद सापडला की ती तो वर्षभर पुरवतात. ही ‘हाय’ म्हणाली की पाच-पंचवीस हात हलायचे, “बाय!” शेवटी तिने बोलायचंच सोडलं. माझ्याकडेही मानेने हो आणि मानेने नाही. मी धीर धरणारा माणूस आहे. मानेशी मी बरेच महिने संभाषण केलं. मग वाटलं, तोंडातून जे निघत नाही ते कधीकधी खडूतून निघतं. म्हणून फळा.

शाळेतला जुना लाकडी फळा मी उचलून आणला होता, तो पार्किंगमध्ये लिफ्टशेजारी टांगायचा एवढंच काम होतं. पण सोसायटीत एवढंच काम असं काही नसतं. सेक्रेटरी कारखानीस म्हणाले, “लाकडी आहे. फायर ऑडिटला काय सांगायचं?” दुसऱ्या मजल्यावरच्या एका जाणकाराने फळ्याचं तोंड दक्षिणेला येतं म्हणून हरकत घेतली, त्या दिशेला तोंड केलेली विद्या टिकत नाही म्हणे. त्यांचा मुलगा उत्तरेला तोंड करून दोनदा नापास झाला होता, पण मी मोठ्या मनाने तो विषय काढला नाही. कोणी म्हणालं, खडूची धूळ गाड्यांवर बसेल. कोणी म्हणालं, फळ्याऐवजी टीव्ही लावा. शेवटी तडजोड झाली: फळा लागेल, पण पाणी येणार नसल्याच्या नोटिसाही त्यावर मीच लिहायच्या. आमच्याकडे पाणी न येण्याचा काही नेम नसल्यामुळे माझं अक्षर लवकरच घराघरात ओळखीचं झालं. पुढे ते मला भोवलं.

“आणि सर, मुलांनी काहीही लिहावं, पण मर्यादेत,” कारखानीस म्हणाले.

“मर्यादा म्हणजे कुठपर्यंत?”

“ती ओलांडली की कळते.”

मुलांना मी एकच नियम सांगितला. दुसऱ्याचं पुसायचं नाही. पटलं नाही, तर खाली आपलं लिहायचं. मुलांना तो एका संध्याकाळीत पाठ झाला. मोठ्यांना तो अजून समजावतो आहे.

पहिला विषय दिला, ‘मला न आवडणारी गोष्ट’. मुलांनी लिफ्टमधला वास, दुधीची भाजी आणि कारखानीस आजोबांची शिट्टी असं लिहिलं. शिट्टीच्या खाली कारखानिसांच्याच नातवाने, हृतिकने, ‘मला पण’ लिहिलं. मनस्वी खडू हातात धरून उभी राहायची आणि परत ठेवायची.

पुढे एकदा लिफ्टपाशी मुलांचं भांडण जुंपलं. कोणाचा देव मोठा, असा विषय होता. मोठी माणसं हाच विषय टीव्हीवर पाहतात, त्यामुळे मुलांना मुद्दे पाठ होते. मी म्हटलं, मोठा कोण ते राहू दे, तुमच्या घरचा देव कसा आहे ते सांगा. आणि फळ्यावर लिहिलं, ‘आमच्या घरचा देव’.

मनस्वी आली. खडू घेतला. या वेळी ठेवला नाही. जीभ किंचित बाहेर काढून तिने लिहिलं:

‘आमचा देव मटान खातो.’

अगदी खरं होतं. घरतांच्या गावदेवाला जत्रेत मटणाचाच नैवेद्य असतो. त्यांच्या आज्या-पणज्यांपासून चालत आलेला. बुधाजींनी मला एकदा तो प्रसाद आणून दिला होता, आणि सुमती खात नसल्यामुळे मला दोघांचा खावा लागला होता.

मी लिफ्टच्या आड उभा होतो. मला इतका आनंद झाला की पुढे जे केलं ते हाताने केलं, डोक्याने नाही. आयुष्यभर चुकीखाली रेघ मारलेला हात तो. तो मला विचारत नाही. मी पुढे झालो आणि म्हटलं, “शाब्बास! फक्त नळातला न नाही, बाणातला ण.” तिचा ‘मटान’ पुसून तिथे वळणदार अक्षरात ‘मटण’ लिहिलं. म्हणजे दुसऱ्याचं पुसायचं नाही हा नियम सगळ्यात आधी मोडला तो मास्तरांनी. त्या वेळी हे माझ्या लक्षातही आलं नाही.

मग फळ्यावर जत्राच भरली. ताहेरभाईंची नात अरीबा आली. ताहेरभाई मूळचे उरणचे, उमेदीची वर्षं गल्फमध्ये काढून आता आमच्या शेजारच्या फ्लॅटमध्ये निवांत राहणारे. अरीबाने लिहिलं, ‘आमचा अल्लाह काहीच खात नाही. त्याला भूक लागत नाही. तोच सगळ्यांना खायला देतो.’ हृतिकने खाली लिहिलं, ‘आमच्या देवाला खीर लागते. पण ती नंतर बाबा खातात.’ मग डोकं खाजवून पुढे लिहिलं, ‘सगळ्यांना एकदम जेवायला बोलवलं तर काय करायचं?’

मनस्वी परत आली. टाचा उंचावून उरलेल्या कोपऱ्यात तिने लिहिलं, ‘ज्याला जे पायजे ते वाढायचा.’

आणि मोठ्याने म्हणाली, “सोपा हाय.”

एकही हात हलला नाही. कोणी ‘बाय’ म्हणालं नाही. हृतिक तर गंभीरपणे म्हणाला, “हां, बुफे ठेवायचा,” आणि तिच्या ओळीला चिकटून त्याने ‘बुफे’ असं लिहूनही टाकलं. त्या वेळी माझा हात मी खिशात ठेवला होता. ‘पायजे’ तसंच राहू दिलं. घरी येऊन सुमतीला म्हटलं, “आज काय झालं माहिताय? मोठमोठ्या परिषदांत जे सुटत नाही ते आपल्या पार्किंगमध्ये सुटलं.” सुमती म्हणाली, “कुकर लावलाय, शिट्ट्या मोजा.”

सकाळी उठलो तर सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फळ्याचा फोटो होता. म्हणजे फक्त पहिल्या ओळीचा. खीर, भूक आणि बुफे कापून टाकलेले. खाली लिहिलं होतं, ‘आपल्या मुलांना हे कोण शिकवतं?’ त्याखाली हात जोडलेले. त्याखाली लाल रागावलेले चेहरे. त्याखाली कोणीतरी चुकून दिलेला वाढदिवसाचा केक.

कारखानीस स्वतः घरी आले. एरवी ते मला खाली बोलावतात.

“सर, देवाला मटण? शोभतं का हे?”

“तुम्ही दर रविवारी बाजारातून आणता की. वास माझ्यापर्यंत येतो. चांगला असतो.”

“आपण खातो ते वेगळं. आपण माणसं आहोत, आपल्यात दोष असायचेच. पण देवाने खाल्लं तर आपण बघायचं कोणाकडे?”

“अहो, पण त्यांचा देव खातो. पोरीने आपल्या घरचं लिहिलंय. तुमच्या देवाच्या पानात कुठे वाढलंय?”

कारखानिसांनी मोबाईलवर फोटो मोठा केला. “पोरीचं नावच घेऊ नका. पोरीने काय लिहिलं होतं म्हणता? ‘मटान’. हृतिकने सांगितलं मला. असा शब्दच नाही. शब्द नाही म्हणजे अर्थ नाही, अर्थ नाही म्हणजे कोणाला त्रास नाही. हा ण कोणाचा? सगळ्या इमारतीला तुमचं अक्षर ठाऊक आहे. सर, मटण तुम्ही घातलंत.”

मी व्याकरण शिकवून म्हातारा झालो; एका अक्षराला एवढं वजन असतं हे मलाही ठाऊक नव्हतं.

“बरं, भावना कोणाच्या दुखावल्या? मी जाऊन माफी मागतो.”

“माझ्या काही नाहीत. मी तसा मोकळा माणूस आहे. पण लोकांच्या.”

म्हणून मी लोक शोधायला निघालो. दुसऱ्या मजल्यावरचे दिशावाले म्हणाले, “छे, आम्हाला काय त्याचं! पण पाचव्या मजल्यावरच्यांचं कडक असतं.” पाचव्या मजल्यावरच्या बाईंनी चहा दिला आणि म्हणाल्या, “आमच्या गावी पण खातो की देव. फक्त बोलायचं नसतं. तुम्ही पहिल्या मजल्यावर विचारा.” पहिल्या मजल्यावरचे म्हणाले, “आम्ही तो रागावलेला चेहरा पाठवला, तो सगळे पाठवत होते म्हणून.” असा मी सगळी इमारत फिरलो. प्रत्येक घरात भावना शाबूत होत्या. दुखावलेल्या भावना नेहमी वरच्या नाहीतर खालच्या मजल्यावर राहत होत्या. घरी आलो तर सुमती म्हणाली, “तुमचं तोंड बघून वाटलं, तुमच्याच सापडल्या.”

राहिले होते ताहेरभाई. त्यांचं दार मी शेवटी ठेवलं, कारण तिथे काळजी नव्हती. त्यांनी दार उघडलं, जिन्यात कोणी आहे का पाहिलं, आणि मला आत घेऊन दार लावलं.

“सर, बच्चीने लिहिलं ते बरोबर लिहिलं. मीच तिला शिकवलंय. तरी पण मेहरबानी करा, आमची ओळ पुसा. आजच.”

“अहो, पण तिच्या ओळीबद्दल कोणाची तक्रारच नाही.”

“अजून नाही. तुमच्या लोकांच्या ओळीवर फार तर मीटिंग होते, सर. आमच्या ओळीवर काय होईल ते मला बघायचं नाही. सकाळीच एकाने मला लिफ्टमध्ये विचारलं, ताहेरभाई, कसलं मटण? हसून विचारलं.” ते स्वतःही हसले. “मी पण हसलो. काय करणार?”

मी नियम सांगू लागलो, पुसायचं नाही, खाली लिहायचं. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, “नियम चांगला आहे, सर. फळा मात्र खूप खाली लावलाय तुम्ही. कोणाचाही हात पोचतो.”

मी खाली जाऊन अरीबाची ओळ पुसली. मुलांना दिलेल्या शब्दावर मी दुसऱ्यांदा डस्टर फिरवलं, आणि या वेळी डोक्याने.

संध्याकाळी पोलीस आला. कोणीतरी निनावी फोन केला होता. हल्ली निनावीपणाचं एवढं कौतुक आहे की आमच्याकडे नावाने फक्त पाण्याची तक्रार होते. हवालदार सभ्य होता. त्याने फळा पाहिला, टोपी काढून कपाळ पुसलं.

“कुठल्या देवाबद्दल आहे?”

“त्या मुलीच्या घरच्या.”

“खातो का पण तो?”

“खातो.”

“मग खोटं काय लिहिलंय?” तो जवळ सरकला. मग आवाज खाली आणून म्हणाला, “आमचा पण खातो, गुरुजी. बोकड लागतो त्याला, कोंबडा चालत नाय. पण फळ्यावर कशाला? देवाला माहीत हाय, आपल्याला माहीत हाय. तिसऱ्याला सांगायचा कशाला?” जाताना त्याने फळ्याचा फोटो घेतला. मला धीर वाटावा म्हणून की पुरावा म्हणून, ते कळलं नाही.

रविवारी पार्किंगमध्ये सभा. लोक खूप आले; पाण्याच्या सभेला एवढे येत नाहीत. काहींच्या अंगाला घरच्या रश्शाचा वास येत होता. मी फळा पुढ्यात ठेवला, टेबलावर नवा खडू ठेवला आणि मुलांशी बोलतो तसा सावकाश बोललो. म्हटलं, आदर करणं म्हणजे दुसऱ्याला गप्प करणं नाही. तिचा देव तिच्या ताटात जेवतो, तुमचा तुमच्या. तुमच्या देवाने मटण खावं असं तिने म्हटलेलं नाही. तरी कोणाला पटत नसेल, तर हा खडू घ्या आणि खाली आपलं लिहा. सहीसकट.

खडू टेबलावर पडून राहिला. शेजारचा उभा पंखा फिरत होता तसा तो जरा गडगडला, तेवढीच हालचाल. कारखानीस म्हणाले, “आम्ही कशाला लिहू? उद्या आमच्या लिहिण्याने कोणाच्या दुखावल्या तर?”

तेवढ्यात मागून बुधाजी उठले. धोतर सावरत पुढे आले. मला वाटलं, आपला माणूस आला. ते थेट माझ्याकडे आले.

“मास्तर, तुमी माजे नातीचा पुसला कशाला?”

“मी फक्त शुद्ध केलं, बुधाजी.”

“आमचा देव मटान खातो. मटण नाय खात. मटण तुमी हाटेलान खाता.” मग सभेकडे वळून म्हणाले, “आनी या जागेव माजा खला व्हता. देवाचा पयला वाटा आमी हितंच काढायचो. तवा कोनाचे भावना नाय दुखले. तवा तुमी कोन नवतेच.”

लोक हसले. हसल्यावर वाटलं, सुटलं आता. आणि त्याच क्षणी मनस्वीचा बाप उठला. भावेश, बुधाजींचा मुलगा. पांढरा शुभ्र शर्ट, बांधकामाला वाळू-खडी पुरवण्याचा धंदा, पुढच्या निवडणुकीत उभं राहायचा विचार.

“बाबा, बसा तुम्ही,” तो म्हणाला. “मी सगळ्यांची क्षमा मागतो. आम्ही आता तसलं काही करत नाही. आमच्याकडे आता देवाला पुरणपोळी असते.”

“पुरनपोली?” बुधाजी म्हणाले. “ये जत्रंला तुजे ताटान काय व्हता रं मग? पुरनाची नली चोखत व्हतास?”

सभा पुन्हा हसली. पण भावेश हसला नाही. त्याचे कान लाल झाले होते. शाळेत ‘बाय’ ऐकलेल्या मुलाचे होतात तसे. मला एकदम समजलं की हा वर्ग याने माझ्या विद्यार्थिनीच्या कितीतरी आधी भोगलेला आहे, आणि परत भोगायची त्याची तयारी नाही. त्याने बापाला दंडाला धरून खाली बसवलं. बुधाजी बसले. आपल्या खळ्यावर, प्लास्टिकच्या खुर्चीत.

ठराव एकमताने झाला. एकमत म्हणजे मी सोडून. फळा राहील, त्यावर वर ऑइलपेंटने ‘सर्व धर्मांचा आदर करा’ असं कायमचं लिहिलं जाईल, खाली फक्त सुविचार, आणि प्रत्येक सुविचार आधी कमिटीला दाखवायचा. रंगाऱ्याने अक्षरं एवढी मोठी काढली की आदराने अर्धा फळा व्यापला. ‘धर्मांचा’वरचा अनुस्वार तो विसरला. तो द्यायला मी गेलो तर कारखानीस म्हणाले, “सर, तुम्ही हात लावू नका.”

अरीबा आता येत नाही. तिला ऑनलाइन क्लास लावला आहे. ताहेरभाई लिफ्टमध्ये भेटतात, सलाम करतात आणि मजल्यांचे आकडे बघत राहतात. शेजारी राहून आम्ही दोघं त्या आकड्यांचा आदर करतो.

नव्या फळ्याचं उद्घाटन ठेवलं होतं. पहिला सुविचार मनस्वीने लिहायचा. चांगला मेसेज जाईल, असं भावेश म्हणाला. खालच्या अर्ध्या भागात जुनी अक्षरं तशीच होती. खीर, बुफे, ‘वाढायचा’. कोणीच हात लावला नव्हता. पंचनामा झाल्यासारखी ती राखून ठेवली होती. भावेशने मुलीच्या हातात डस्टर दिलं. तिने माझ्याकडे पाहिलं. पुसायचं नाही, हे तिला कोणी शिकवलं होतं ते तिला आठवत होतं. मी मान हलवणार होतो. पण होकाराची हलवावी की नकाराची, हे माझं ठरेपर्यंत तिने पुसायला घेतलं. नीट, वरपासून खालपर्यंत. हृतिकचा प्रश्न आणि तिचं उत्तर एकाच फटक्यात गेलं. मग खडू घेऊन, जीभ जराही बाहेर न काढता, तिने लिहिलं:

‘देव सर्वत्र आहे.’

टाळ्या झाल्या. कमिटीतर्फे तिला कंपासपेटी मिळाली. बुधाजी आले नव्हते.

लोक पांगल्यावर ती माझ्याजवळ आली. फळ्याकडे बोट करून हळूच विचारलं, “सर, आता बरोबर...” ‘हाय’ ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. तिने ते गिळलं. “बरोबर आहे ना?”

मी चष्मा लावला. पुन्हा पुन्हा वाचलं. ‘सर्वत्र’मधला रफार जागेवर होता. शेवटी पूर्णविराम होता. मी अगदी मनापासून एखादी चूक शोधत होतो.

“बरोबर आहे,” मी म्हणालो. काय करणार? शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.